करवीर संस्थान : भूमी, इतिहास, माणसे आणि अर्थकारण

शाळेच्या पुस्तकात आपण नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशा देशांची माहिती वाचतो. सीमा, नद्या, पिके, लोकसंख्या, राज्यकारभार अशी ती मांडणी असते. परंतु ज्या भूमीवर आपण राहतो तीही १९४९ सालापर्यंत जवळजवळ एका छोट्या देशासारखीच होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. करवीर किंवा कोल्हापूर संस्थानाला स्वतःचा राजा होता, फौज होती, कायदेकानू आणि न्यायालये होती. एकेकाळी स्वतःची टांकसाळसुद्धा होती. शेजारच्या इंग्रजी मुलखात जो कायदा होता तो इथे असेलच असे नव्हते, आणि इथे जो कायदा झाला तो तिकडे व्हायला कधी कधी चाळीस वर्षे लागली. ही चाळीस वर्षांची गोष्ट पुढे येईलच. आधी भूमीची ओळख करून घेऊ.

भूमी व नद्या

संस्थानाचा विस्तार सुमारे ३२०० चौरस मैल, म्हणजे ८३०० चौरस किलोमीटरच्या आसपास होता. आजचा कोल्हापूर जिल्हा ७६८५ चौरस किलोमीटरचा आहे. तेव्हा संस्थान आजच्या जिल्ह्यापेक्षा थोडे मोठे होते. मात्र दोहोंचा नकाशा एकच आहे असे कोणी समजू नये. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग त्यावेळी संस्थानात होते, तर आज आपल्या जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका त्यावेळी बेळगावकडे होता. उत्तरेला वारणा नदी, ईशान्येला कृष्णा, पूर्वेला व दक्षिणेला बेळगाव जिल्हा आणि पश्चिमेला सह्याद्रीपलीकडे रत्नागिरी व सावंतवाडी, अशा साधारण सीमा होत्या. या सीमांच्या आत विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी अशा जहागिरी होत्या. त्यांचा बराचसा कारभार त्यांच्या त्यांच्याकडे चाले. म्हणून एखाद्या गावाचा जुना कागद शोधताना ते गाव खालसा मुलखातले की जहागिरीतले हे आधी पाहावे लागते.

या मुलखाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना होणारा बदल. गगनबावड्याला पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तिथून एका दिवसात सायकलने गाठता येईल अशा शिरोळ भागात त्याचा जेमतेम दहावा भाग पडतो. त्यामुळे पश्चिमेला तांबडी जांभ्याची माती, भात, नाचणी व दाट जंगल. मध्यावर नदीकाठची मळीची कसदार जमीन. आणि पूर्वेला काळी जमीन, ज्वारी, तंबाखू, भुईमूग. पोटाला काय खायचे हे आडनावापेक्षा पावसावर जास्त अवलंबून असे. डोंगरात नाचणीची भाकरी, पठारावर जोंधळ्याची.

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती या पाच प्रवाहांची मिळून पंचगंगा होते. ती कोल्हापूर शहराला वळसा घालून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. दक्षिणेकडे दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्या आहेत. नद्या भरपूर, परंतु पाणी चारच महिने, अशी पूर्वीची स्थिती होती. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडे पात्र. पुराचे संकट तर आजही संपलेले नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आज शहरातल्या लहान मुलालाही पाठ आहे. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही वर्षी पाणी तिच्या पुष्कळ वर गेले.

प्राचीन वारसा

कोल्हापूरचा इतिहास शिलाहारांपासून सुरू करण्याची प्रथा आहे. आमच्या मते ती अपुरी आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची जी टेकडी आहे तिथे १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यात सातवाहन काळातले, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे भरभराटीचे नगर उजेडात आले. त्याच टेकडीवर रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या. त्यांत पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी मूर्ती आहे. टाऊन हॉलमधील संग्रहालयाची सहल आपण करतो, पण या वीतभर मूर्तीपाशी सहसा कोणी थांबत नाही. समुद्र इथून दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत, तरी भूमध्य समुद्राकडचा माल घाट चढून इथवर येत होता, हे ती सांगते. याच परिसरात विळिवायकुर, सिवलकुर अशी नावे असलेली नाणी सापडली आहेत. हे स्थानिक राजे सातवाहनांच्या काळातले मानले जातात.

व्यापाराचा मार्ग तिथे भिक्षूंचा मार्ग, हे महाराष्ट्रातील बहुतेक लेण्यांवरून दिसते. कोल्हापूरही त्याला अपवाद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात एका विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले व त्यात स्फटिकाचा करंडक निघाला. त्यावरील ब्राह्मी लेखात ब्रह्म नावाच्या व्यक्तीने हे दान दिले आणि धम्मगुप्ताने ते काम करविले, एवढाच मजकूर आहे. ना राजाचे नाव, ना बिरुदावली. सामान्य दात्याची ही नोंद दोन हजार वर्षे जमिनीखाली टिकून राहिली. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे येथे बौद्ध लेणी आहेत. तिथे चैत्य आणि विहार दोन्ही पाहावयास मिळतात. जोतिबाला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फारच थोडे तिकडे वळतात. शाळांनी तिथे एक सहल अवश्य न्यावी.

पुढे राष्ट्रकूट, चालुक्य यांच्यानंतर अकराव्या-बाराव्या शतकांत शिलाहारांचे राज्य इथे होते. पन्हाळा हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे. दुसरा भोज हा त्या घराण्याचा शेवटचा राजा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीस देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचे राज्य जिंकले. या काळात जैन धर्माला या भागात मोठा आश्रय होता. आजही शिरोळ-हातकणंगले भागात शेती करणारा जैन समाज मोठ्या संख्येने आहे, त्याची मुळे त्या काळापर्यंत जातात. बहामनी आणि आदिलशाही राजवटीनंतर पन्हाळा छत्रपती शिवाजी महाराजांकडे आला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

संस्थानाची घडण

छत्रपती राजाराम महाराज १७०० साली वारले. त्यानंतर सात वर्षे औरंगजेबाशी झुंज देण्याचे काम त्यांच्या राणी ताराबाई यांनी केले. १७०७ साली शाहू (संभाजीपुत्र) मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्या राज्यात दोन पाती झाली. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यास स्वतंत्र गादी स्थापन केली. १७१४ साली राजमहालातच उलथापालथ होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. आपल्या जिल्ह्याची उत्तर सीमा आजही बरीचशी त्याच नदीने ठरलेली आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरास आली. १८१२ साली इंग्रजांशी तह होऊन मालवणचा किल्ला त्यांना द्यावा लागला आणि समुद्र हातून गेला. १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनी बंड केले. त्याचे कारण नीट समजून घ्यावे. गडकऱ्यांना गडाच्या चाकरीबद्दल जमिनी होत्या. नव्या कारभाराने या जमिनींची व्यवस्था मामलेदारांच्या हाती देण्याचे ठरवले. जमीन व चाकरी यांची ही गाठ पुढच्या विवेचनात पुन्हा येणार आहे. १८५७ साली ३१ जुलैच्या रात्री इथल्या सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला. राजबंधू चिमासाहेबांवर संशय येऊन त्यांना कराचीस पाठविण्यात आले. तिथेच १८६९ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतरचा काळ दुर्दैवी होता. तरुण राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगर येथे नजरकैदेत मरण पावले. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले व शाहू महाराज झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचेही नव्हते.

माणसे

१८९१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या ९,१३,१३१ होती. १९०१ साली ती ९,१०,०११ भरली. दहा वर्षांत माणसे वाढायच्या ऐवजी कमी झाली. १९११ साली तर ती साडेआठ लाखांच्याही खाली आली. या आकड्यांमागे प्लेग आणि दुष्काळ आहेत. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या प्लेगने किती घरे ओस पडली याची कल्पना यावरून यावी. पुढे १९४१ पर्यंत लोकसंख्या १०,९२,०४६ झाली.

बहुसंख्य लोक मराठी बोलणारे शेतकरी होते. पूर्वेला कानडी बोलणारी गावे होती व आहेत. मराठा, कुणबी, धनगर, लिंगायत, जैन, मुसलमान, महार, चांभार, मांग, ढोर, रामोशी अशा समाजांनी गावे बनली होती. पण संस्थान कोण चालवीत होते? शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला त्या वर्षी सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. २६ जुलै १९०२ चा हुकूम या आकड्याशेजारी ठेवून वाचावा, म्हणजे त्याचा अर्थ लागतो. महाराज त्यावेळी विलायतेत होते. हुकुमाचे म्हणणे असे की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, आणि ज्या खात्यात त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्याच वर्गातली व्हावी. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व, अशी व्याख्याही त्यात होती. आरक्षणाचा विचार भारतात राज्यघटनेनेच प्रथम आणला असे अनेक विद्यार्थी परीक्षेत लिहितात. त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

जागा राखून ठेवल्या तरी शिकलेली माणसे हवीत. म्हणून वसतिगृहे निघाली. १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची, पुढे मुस्लिम विद्यार्थ्यांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे का, असा आक्षेप तेव्हाही होता. त्याचे उत्तर साधे आहे. खेड्यातल्या पोराला शहरात कोणी भाड्याने खोली देत नव्हते आणि खानावळीत पंगतीला बसवीत नव्हते. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. विहिरी, दवाखाने, धर्मशाळा येथील विटाळही त्याच वर्षी हुकमाने बंद केला. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७ चा आणि आंतरजातीय विवाहाचा १९१९ चा.

गंगाराम कांबळे यांची हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. सरकारी पागेत पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना पैसे देऊन चहाचे दुकान काढण्यास सांगितले. दुकान निघाले तरी गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले व बरोबरच्यांनाही पाजू लागले. ही हकिकत आपण राजाच्या मनाच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. पण त्यात अर्थकारणही आहे. मारणाऱ्याला शिक्षा केल्याने त्या दिवसापुरता न्याय मिळतो. दुकान चालले तर माणूस दुसऱ्याच्या पागेवर अवलंबून राहत नाही.

महार वतन

आता त्या चाळीस वर्षांच्या गोष्टीकडे वळू. महार वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण जाते, कारण 'वतन' म्हटले की मालकी आणि मान डोळ्यांसमोर येतो. पाटलाचे वतन तसे होतेही. महारांचे वतन मात्र वेगळे होते. गावात थोडी जमीन इनाम म्हणून मिळे, तिच्यावर सारा नाममात्र असे. त्याबदली सरकारची व गावाची चाकरी वंशपरंपरेने करायची. वसुलाची रक्कम तालुक्याला पोचविणे, कामगार लोकांचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे, रात्रीची राखण, सांगावा घेऊन धावणे, मयताची वर्दी देणे, मेलेली जनावरे ओढणे. काम केव्हा येईल त्याचा नेम नाही. हाताला रोकड नाही. बलुते म्हणून खळ्यावर जे धान्य मिळेल ते.

यात सगळ्यांत जाचक बाब ही की वतन एका माणसाचे नसे, साऱ्या भावकीचे असे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे इतके लहान झाले की त्यावर घर चालणे अशक्य. पण चाकरीची वाटणी होत नसे. तुकडा वाट्याला आला म्हणजे बांधिलकीही आली. कोणी मुंबईला गिरणीत गेला तर त्याच्या वाट्याचे काम भावाने करायचे. मुलगा शाळेत असेल आणि बाप आजारी असेल तर मुलाला उठवून न्यायचे. ही जमीन म्हणजे पायातली बेडी होती, आणि गंमत अशी की बेडीलाच लोक मालमत्ता समजून कवटाळून बसत.

शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानातील महार वतने रद्द करून त्या जमिनी ज्याच्या त्याच्या नावे रयतावा करून देण्याचा हुकूम काढला. याचा अर्थ, जमीन इतर शेतकऱ्यांसारखी झाली, सारा इतरांसारखा भरायचा, आणि फुकटची सक्ती संपली. त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही रद्द होऊन पगारी तलाठी आले. त्यांत अस्पृश्य समाजातील शिकलेल्या माणसांनाही नेमण्यात आले. ज्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे अशा जमातींची हजेरीही बंद झाली. हुकूम निघाला म्हणजे गावातील जुनी सवय दुसऱ्या दिवशी मोडली असे नव्हे. तो तसा बदल कुठेच होत नाही. परंतु नाही म्हणणाऱ्याच्या हाती एक कागद आला, हा फरक मोठा होता.

शेजारच्या इंग्रजी मुलखात काय झाले पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, म्हणजे कोल्हापूरच्या हुकमानंतर बरोबर चाळीस वर्षांनी आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी.

बाबासाहेब आणि शाहू महाराज यांचा संबंध या पार्श्वभूमीवर पाहावा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, त्यास महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. त्यांचे वय तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. तुम्हांला तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे उद्गार महाराजांनी त्या सभेत काढले. पुढे मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला परिषद झाली, तिचे अध्यक्ष स्वतः महाराज होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. माणगाव आज हातकणंगले तालुक्यात आहे, कोल्हापूरहून एस.टी.ने सहज जाऊन येता येते.

अर्थकारण : पाणी, गूळ, कातडे

संस्थानाचा मुख्य आधार शेतसारा. तो पाण्यावर अवलंबून. म्हणून भोगावतीवर धरण बांधण्याचे काम शाहू महाराजांनी हाती घेतले आणि तिथे राधानगरी गाव वसविले. पैशाअभावी १९१८ मध्ये काम थांबले. धरण पुरे झाले ते १९५० नंतरच्या दशकात, संस्थान विलीन झाल्यावर. या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आजही पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याचे लक्ष तिकडे लागते.

धरणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. हे नाव अभियंत्यांच्या पुस्तकांत देशभर आहे. नदीत दगडी खांब उभे करायचे, खांबांना खाचा ठेवायच्या. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवून पाणी अडवायचे. पावसाळ्याआधी बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. वर धरणातून पाणी नदीत सोडले की ते एका बंधाऱ्याकडून दुसऱ्याकडे येते आणि काठचे शेतकरी ते उपसून घेतात. कालवे खोदायला नकोत, त्यात जमीन जायला नको. दोष इतकाच की पाणी उपसायला पंप पाहिजे, पंपाला भांडवल पाहिजे, आणि मुख्य म्हणजे नदीकाठी जमीन पाहिजे. ज्यांची जमीन काठापासून दूर किंवा मुळीच नाही, त्यांच्या घरात हे पाणी मजुरीच्या रूपानेच येते.

या पाण्यावर ऊस, आणि उसापासून गूळ. गुऱ्हाळ पाहिले नाही असा कोल्हापूरकर विरळा. घाण्यात ऊस पिळून निघालेला रस मोठ्या काहिलीत ओततात, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ. रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणतात व काढून टाकतात. पाक केव्हा उतरावा हे गुळव्या ठरवितो. एक क्षण आधी उतरला तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. शाळेची पायरी न चढलेल्या गुळव्याच्या या अंदाजावर साऱ्या आधणाची किंमत ठरते. चुलीपुढे दिवसभर जाळ घालणाऱ्या चुलव्याचे नाव मात्र बाजारात कोणी काढीत नाही. १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरी पेठेत गुळाचा व्यापार वाढला. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे झाली होती, त्यामुळे ढेपा दूर जाऊ लागल्या. पुढे कसबा बावड्यास साखर कारखाना निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने व १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ यांनी खेड्यांचे रूप पालटले.

१९०६ साली शाहू छत्रपती कापड गिरणीचा प्रारंभ झाला. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आज ते मोठे वस्त्रनगर आहे. हुपरीची चांदी, उद्यमनगरातील ओतकाम, १९१८ च्या सुमाराची बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी व १९२९ ची 'प्रभात', यांपैकी प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. इथे चपलेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ती आपल्या घरांशी जोडलेली आहे.

कोल्हापुरी चप्पल एका जातीच्या हातून होत नाही. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाचे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे दिवसेंदिवस मुरवायचे, तेव्हा ते टिकाऊ होते. पुढे चर्मकार कारागीर तळ कापतो, पट्टा, कान, अंगठा जोडतो. खरी जुनी चप्पल खिळ्याशिवाय, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. वेणी विणणे, नक्षी पाडणे हे बारीक काम बहुधा घरातल्या बायका करतात, आणि मजुरीच्या हिशेबात त्यांचे नाव क्वचितच येते. ज्या कातड्याला हात लावला म्हणून माणूस विटाळला, त्याच कातड्याची चप्पल घालून वरच्या आळीतली मंडळी मिरवत होती. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे आहेत. २०२५ साली इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच घाटाची पादत्राणे मांडली. मूळ कोणाचे याचा उल्लेख नव्हता. गवगवा झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मानांकनाचा कागद भिंतीवर लावून भाव वाढत नाही. कारागिरांच्या संस्थांनी त्याची नोंदणी करून घेतली, आपला शिक्का चपलेवर आणला, तरच त्याचा उपयोग. आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलांनी हे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

विलीनीकरण

शाहू महाराजांनंतर राजाराम महाराजांनी १९४० पर्यंत राज्य केले. १९३९ साली माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदींनी प्रजा परिषद उभी केली आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. राजा चांगला असला तरी प्रजेला हक्क असावेत, हा तिचा मुद्दा होता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व कोल्हापूर जिल्हा अस्तित्वात आला. रायबाग, कटकोळ हे भाग बेळगावकडे गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड इकडे आला.

विलीनीकरणानंतर पावणेदोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९५० रोजी, बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे माधवराव बागलांच्या पुढाकाराने बसविण्यात आले. बाबासाहेब तेव्हा हयात होते आणि देशाचे कायदेमंत्री होते. शिवाजी पेठेतून बिंदू चौकापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात. संस्थानचे जुने दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जतन केलेले आहे. ते मोडी लिपीत आहे. ज्या विद्यार्थ्यांना आपल्या गावचे वतन कोणाकोणाच्या नावे होते आणि १९१८ नंतर ते कोणाच्या नावे झाले हे पाहावयाचे असेल, त्यांनी आधी मोडी शिकावी. दोन-तीन महिने रोज तासभर बसले तर ती वाचता येऊ लागते.